मुकादमाच्या वाट्याची भाकरी

तीन आठवड्यांपूर्वी पाऊस पुन्हा पडला. भात कापून झालं होतं, कडपे शेतातच उन्हाला पसरलेले होते, आणि दुपारी सूर्यमाळच्या अंगानं आभाळ काळं होत आलं. मी मोखाड्याला ऑफिसात होते. टेबलापलीकडे कामासाठी बसलेला माणूस खिडकीकडे बघून म्हणाला, "बरं झालं मॅडम, जरा गारवा आला." मी त्याच्याकडे नुसतं बघितलं. त्या बिचाऱ्याचं काम मी उगाचच तासभर लांबवलं.

पावसावर राग काढून उपयोग नसतो हे मला कळतं. तो कधी येतो, कधी जातो, आपल्याला विचारत नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते ती नंतर जे होणार असतं त्यानं. भिजलेले कडपे बाबा उचलणार. पोशेरा गावातल्या आमच्या घराच्या पडवीत, खळ्यावर, शेजाऱ्याच्या ओट्यावर, जिथं कोरडी जागा मिळेल तिथं पसरणार. मग ऊन पडलं की झोडणी. आणि झोडलेल्या भातातलं जे काळं पडलंय, ज्याला मोड आलेत, ज्याला ओल्या गोणपाटासारखा वास येतो, ते सुपानं वेगळं काढून एका गोणीत भरणार. टाकणार नाही. आमच्या घरात धान्य टाकत नाहीत. त्या गोणीला आमच्याकडे एक नाव होतं. मुकादमाचा वाटा.

मुकादम म्हणजे आमचा कुत्रा. आमच्या भागात मुकादम कोण हे सांगायला नको. दिवाळी झाली की जो पाड्यावर येतो, माणसं मोजतो आणि वीटभट्टीवर घेऊन जातो तो. बाबा तरुणपणी बरीच वर्षं भिवंडीकडच्या भट्टीवर गेलेला. हे पिल्लू घरी आलं तेव्हा दिवसभर उंबऱ्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यावर भुंकायचं आणि स्वतः काडीचं काम करायचं नाही. बाबा म्हणाला, "हा तं आपला मुकादमच हाय." तेच नाव राहिलं. पुढं मात्र त्यानं नावाला बट्टा लावला आणि खरंच काम करायला लागला. खळ्यावर रास पडली की बाबा आणि तो दोघंच राखणीला झोपायचे. रानडुक्कर आलं की पहिला तो उठायचा, मग बाबा. म्हणून रास उचलताना त्याच्या नावाचं धान्य वेगळं निघायचं. राखण केली, वाटा मिळाला, असा बाबाचा हिशोब. ह्यात मला काही वावगं वाटलं नव्हतं. उलट ऑफिसात मी हे कौतुकानं सांगायचे, की आमच्या बाबाच्या घरी कुत्र्यालासुद्धा राशीत वाटा असतो.

वाटा कसला होता ते मात्र कुणी विचारलं नाही आणि सांगायलाही कुणी गेलं नाही.

"कुत्र्याला चालतं." हे दोन शब्द मी आयुष्यात इतक्या वेळा ऐकलेत की आता कुणी म्हटलं तर भांडायलाच उठते. आंबलेला भात, कुत्र्याला चालतं. तळाचं करपलेलं, कुत्र्याला चालतं. लग्नातलं दुसऱ्या दिवशीचं मटण, ज्याचा वास घेऊन माणसानं नाक फिरवलं, ते कुत्र्याला चालतं. बुरशी आलेली भाकरी नुसती वरून पुसायची, चालतं. जणू कुत्र्याच्या पोटात आतडी नसून उकिरडाच असतो. आणि हे म्हणणारी माणसं वाईट नसतात हा खरा त्रास आहे. प्रेमानं हाक मारून, पाठीवर हात फिरवून त्याच्यापुढं ते ठेवतात. तो शेपूट हलवत खातो. खाल्लं म्हणजे चाललं.

दोन वर्षांपूर्वीची सुगी अशीच होती. पाऊस गेला गेला म्हणता परत आला आणि चांगला मुक्कामाला राहिला. त्या वर्षी मी शनिवारी संध्याकाळी घरी जायचे तेव्हा जीपमधून उतरल्याबरोबर वास यायचा, सगळ्या पाड्याला एकच वास, ओल्या पेंढ्याचा आणि चुलीच्या धुराचा. प्रत्येकाच्या दारात भात वाळत होतं, रस्त्याच्या डांबरावर, शाळेच्या पटांगणात, देवळाच्या ओट्यावर. कोंबड्या हाकलून आईचा आवाज बसला होता. लोक एकमेकांना तब्येत विचारावी तसं विचारत होते, "वाळलं का?" आणि समोरचा मान हलवायचा.

त्या वर्षी मुकादमाची गोणी मोठी झाली. सहसा पायलीभर निघायचं ते चांगलं गच्च पोतंभर निघालं. बाबा ते धुऊन, वाळवून, गिरणीतून तांदूळ काढून आणायचा. तांदूळ निघायचा तो पिवळट करड्या रंगाचा, चुरा झालेला. मी एकदा मूठभर हातात घेऊन वास घेतला आणि म्हटलं, "बाबा, हे टाकून दे." बाबा हसला. त्याचं ठरलेलं वाक्य होतं, "खाऊन माजावं बाय, टाकून माजू नये." आई म्हणाली, भाजल्यावर वास जातो. आणि खरंच, भाकरी करून तव्यावरून निखाऱ्यावर टाकली की वास जायचा. मीही मग तो विषय सोडून दिला. मला सोमवारी पहाटेच्या जीपनं परत जायचं असायचं आणि बाबानं माझ्यासाठी पांढऱ्याशुभ्र तांदळाची पिशवी बांधून ठेवलेली असायची.

थंडी पडली तसा मुकादम मंदावला. म्हातारा झालाच होता. तोंडावरचे केस पांढरे, मागचे पाय आखडलेले. आधी त्यानं ओट्यावर चढणं सोडलं. मग खाणं अर्धवट टाकायला लागला. मग सकाळी उठून पिवळं पाणी ओकायचा आणि पुन्हा तिथंच निजायचा. पाणी मात्र ढसाढसा प्यायचा. "वय झालं," सगळे म्हणाले. वय झालं हेही तसंच एक वाक्य आहे. ते म्हटलं की कुणाला काही करावं लागत नाही. माणसालाही आपल्याकडे हेच म्हणतात आणि खाटेवर टाकतात.

बाबा मात्र स्वस्थ बसला नव्हता, आणि तेच घातक ठरत होतं. आरोग्यसेविकेनं त्याला गुडघ्यासाठी आणि अंग दुखण्यासाठी गोळ्या दिलेल्या, त्यातली अर्धी तो स्वतः घ्यायचा आणि अर्धी गुळात घालून मुकादमाला द्यायचा. "तेचे बी पाय दुखतात," म्हणायचा. हे मला नंतर कळलं, नाहीतर तिथंच भांडले असते.

एका रविवारी मी त्याचं तोंड वर करून डोळ्यात बघितलं. डोळ्याचा पांढरा भाग हळदीत बोट बुडवल्यासारखा. ओठ वर केला, हिरड्याही तशाच. मी ओरडले, "आई, ह्याला कावीळ झालीय." तेवढ्यात शेजारचा सखारामकाका ओट्यावर टेकला होता. काका मनानं सरळ, पण प्रत्येक गोष्टीवर त्याच्याकडे उपाय तयार असतो. तो म्हणाला, "कावीळ तं सोपी हाय. पोटावर चटके द्यायचे. इळा तापव." आणि बाबा खरंच चुलीकडे बघायला लागला.

मी मुकादमाच्या पुढ्यात जाऊन बसले. म्हटलं, "हात लावून बघा कुणी." बाबा म्हणाला, "मला लहानपणी दिले. मी मेलो का?" त्यानं सदरा वर करून दाखवला. बेंबीच्या बाजूला जुने डाग आहेत त्याच्या, मी लहानपणापासून बघत आलेय, त्यांच्यावर बोट फिरवून झोपायचे. त्या दिवशी पहिल्यांदा मला ते बघून रडू न येता संताप आला. ज्यानं हे दिलं त्याचा, आणि ज्याला दिलं त्याचासुद्धा. मला दिलं, मी मेलो का. मी उपाशी राहिलो, मेलो का. मी भट्टीवर राहिलो, मेलो का. आमच्या बापांचं सगळं शास्त्र एवढ्या एका प्रश्नात बसतं. मेला नाहीस म्हणजे ते बरोबर होतं असं होत नाही. सखारामकाकाला मी घरी जायला सांगितलं. कशा शब्दांत सांगितलं ते इथं लिहीत नाही. तो आठवडाभर आमच्या दारावरून गेला नाही.

सोमवारी मी रजा टाकली. जीपवाल्यानं कुत्रा घ्यायला नकार दिला. त्याच जीपमध्ये मागच्या सीटच्या दांडीला दोन कोंबडे पाय बांधून लटकत होते आणि टपावर बोकड होता. मी विचारलं, "बोकड चालतो, ह्याला काय झालं?" तो म्हणाला, "बोकड बाजाराला चाललाय, ताई." म्हणजे कापायला नेत असाल तर जागा आहे, बरा करायला नेत असाल तर नाही. मी दारात उभी राहिले आणि जीप हलू दिली नाही. शेवटी आतल्याच एका बाईनं आपली पाटी मांडीवर घेतली आणि खाली जागा करून दिली. बाबा मुकादमाला आपल्या धोतराच्या सोग्यात गुंडाळून बसला. 

जव्हारच्या गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडम तरुण होत्या. त्यांनी त्याला टेबलावर घेतलं, पोट चाचपलं, सलाईन लावलं, उलटी थांबायचं इंजेक्शन दिलं, रक्त काढून नाशिकला पाठवलं. रिपोर्ट यायच्या आधीच म्हणाल्या, लिव्हर आहे. मग त्यांनी विचारलं, "औषध काही दिलं का घरचं?" तेव्हा गुडघ्याच्या गोळ्या बाहेर आल्या. मॅडमनी कपाळाला हात लावला. "माणसाची तापाची, दुखण्याची गोळी कुत्र्याला द्यायची नाही. त्याच्या लिव्हरला ती झेपत नाही." बाबानं मान डोलावली. मग त्यांनी विचारलं, "खातो काय?"

"भाकरी," बाबा म्हणाला.

"कसल्या पिठाची?"

बाबानं अभिमानानं सांगितलं, त्याचा वेगळा वाटा असतो म्हणून. कसा काढतो तेही सांगितलं. मॅडम ऐकत होत्या आणि त्यांचा चेहरा बदलत चालला होता. त्या रागावल्या नाहीत. माझ्यापेक्षा चांगल्या बाई. त्यांनी नीट समजावलं, की ओल्या धान्यावर बुरशी येते आणि त्यातल्या काही बुरशा विष सोडतात. ते विष धुऊन जात नाही, वाळवून जात नाही, भाजूनही जात नाही. वास जातो, विष राहतं. थोडं थोडं, रोज रोज, लिव्हर ते गाळत बसतं आणि लिव्हरची खोड अशी की ते बोलत नाही. बरंचसं खराब होईपर्यंत चालवून घेतं. म्हाताऱ्या कुत्र्याचं तर आधीच दमलेलं असतं.

"पण अन्न हाय ते," बाबा म्हणाला. "विष कसं असल? मी माझ्या हातानं पेरलेलं."

मॅडमनी त्याच्याकडे बघून विचारलं, "घरात आणखी कुणी खातं का हे?"

बाबा मुकादमाच्या पायाला लावलेल्या सलाईनकडे बघत राहिला. मी म्हटलं, "छे, ते वेगळं असतं. कुत्र्याचंच." बाबानं मला दुरुस्त केलं नाही.

घरी आल्यावर मी ती गोणी बाहेर ओढली. आई पदरानं हात पुसत आली आणि म्हणाली, "सगळी नको नेऊ. संध्याकाळचं तेंचं काय करू?" मी म्हटलं, "मुकादमाला आता ह्यातलं काही नाही." आई म्हणाली, "मुकादमाचं नाय म्हणत. तुझ्या बापाचं."

तर असं होतं. राशीतला खराब भाग कुत्र्याच्या नावानं निघायचा आणि खायचे दोघं. कित्येक वर्षं. मी घरी असले की बाबा माझ्याबरोबर पांढरी भाकरी खायचा, मी गेले की एका ताटात तो आणि मुकादम. एक तुकडा ह्याला, एक स्वतःला. मुकादम दुसऱ्या कुणाच्या हातचं, दुसऱ्या भांड्यात खायचाच नाही, हे आम्ही लाडानं सांगायचो. बाबाचा नियम साधा होता, त्याच्या बापाकडून आलेला. खराब आधी संपवायचं, चांगलं मागं ठेवायचं. ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं. पण दर वर्षी थोडं खराब निघतंच. ते संपेपर्यंत मागं ठेवलेलं चांगलं जुनं होतं, त्याला किडे लागतात, मग तेही खराब, मग ते आधी संपवायचं. असं करत करत माणूस सोन्यासारखा तांदूळ पिकवतो आणि जन्मभर कचरा खातो. आणि सोन्यासारखा तांदूळ पिशवी बांधून पोरीबरोबर मोखाड्याला जातो, जिथं ती ऑफिसात डबा उघडते आणि बायका म्हणतात, किती सुरेख वास आहे गं.

मी त्या दिवशी बाबाला काय नाही बोलले. भिकारी आहेस का म्हटलं. माझा पगार काय चुलीत घालू का म्हटलं. तो ऐकून घेत होता, आणि मध्येच उठून मुकादमाला पाणी पाजून आला. मग म्हणाला, "बोलून झालं का? आता सांग, हा काय खाणार?" माझा राग असा भिंतीवर आपटून परत यायचा.

त्यानंतरची ती सगळी थंडी आणि पुढचा शिमगा मला पथ्यानं आठवतो. लोकांना ऋतू पळसाच्या फुलांनी आठवतात, मला उकडलेल्या भोपळ्याच्या वासानं. मॅडमनी सांगितलेलं, थोडं थोडं पण दिवसातून चार-पाच वेळा द्या. मऊ भात, ताजा, त्याच दिवशीचा. त्यात उकडलेलं अंडं नाहीतर हाडाशिवाय उकडलेली कोंबडी, भोपळा, तेल-तिखट-मीठ नाही. नुसत्या वरणपाण्यावर ठेवू नका, लिव्हरला भरून यायला प्रथिनं लागतात. फक्त तो झिंगल्यासारखा चालायला लागला, भिंतीला डोकं टेकून उभा राहिला, तर लगेच आणा. सुकट-बोंबील बंद. लिव्हरची गोळी सकाळी रिकाम्या पोटी, मग काही वेळानं खाणं. आणि ठरलेल्या वेळी पुन्हा रक्त.

बाबानं आयुष्यात स्वतःचं औषध कधी पुरं केलं नाही. मुकादमाची गोळी त्यानं एकदाही चुकवली नाही. उठायचा, चूळ भरायच्या आधी गोळी, मग मांडी घालून त्याच्यासमोर बसून राहायचा, कुणी त्याला तुकडा टाकू नये म्हणून राखण करत. एकदा आठवडी बाजारातून तो कलेजी घेऊन आला. खाटकानं सांगितलेलं, लिव्हरला लिव्हरच लागतं. मी मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, नको, त्यात तांबं जास्त असतं, आजारी लिव्हरला ते बाहेर टाकता येत नाही. तांबं म्हटल्यावर बाबानं मुकादमाचं तांब्याच्या हंड्यातलं पाणीही तोडलं आणि त्याला स्टीलचा टोप आणला. घरात आमच्यासाठी त्याच हंड्यातलं पाणी होतं.

लोकांना मात्र करमणूक झाली. कुत्र्याला अंडं. कुत्र्याला ताजा भात. "आमच्या जन्माला कुणी भोपळा उकडून दिला नाय बा." नाक्यावर कुणी मला विचारायचं, "काय मॅडम, तुमचा पेशंट कसा हाय?" आणि बाकीचे हसायचे. हसणाऱ्यांतला एक जण आमच्याच नात्यातला, स्वतः कावीळ होऊन दवाखान्यात पडला होता तेव्हा मी डबे पोचवलेले. मी त्याला तसं तोंडावर सांगितलं. माझी नोकरी, माझं शिक्षण, ह्यानं मी शिष्ट झालेय असं पाड्यात म्हणतात. म्हणोत. पण माझ्या मनाला एक गोष्ट सारखी कुरतडत होती आणि ती हसणाऱ्यांची नव्हती. तो म्हातारा कुत्रा आता रोज ताजं जेवत होता आणि त्याच्या पथ्यामुळं बाबाही ताजं जेवत होता, कारण ताट एकच होतं. मुकादमाच्या तोंडी चुकून खराब तुकडा जाऊ नये म्हणून घरात खराब काही शिजतच नव्हतं. म्हणजे माझ्या बापाची तब्येत राखायला मी, माझा पगार, माझी आरडाओरड काही कामाला आली नाही. त्यासाठी कुत्र्याला कावीळ व्हावी लागली.

मी त्याला म्हटलं, एकदा तुझंही रक्त तपासून घेऊ. "मला काय धाड भरलीय? आजारी तो पडला." मी म्हटलं, तू पण तेच खाल्लंस. "मग मी कुठं पडलो?" 

शिमग्याच्या सुमाराला मुकादमाच्या डोळ्यातला पिवळेपणा ओसरला. हिरड्या गुलाबी दिसायला लागल्या. मॅडम म्हणाल्या, पूर्ण बरं होणार नाही, पण सांभाळलंत तर टिकेल. टिकला. पुढच्या सुगीला तो बाबाबरोबर खळ्यावर निजायला गेला, नुसता निजला, उठला नाही, आणि डुक्कर बाबानंच हाकललं. त्या वर्षी पावसानं वेळेवर काढता पाय घेतला होता. जे थोडं काळं निघालं ते बाबानं गुपचूप खड्ड्यात टाकलं आणि वर माती ओढली. मी बघितलं. वाटलं, जिंकले.

ह्या उन्हाळ्यात मुकादम गेला. लिव्हरनं नाही, वयानं गेला, आता ते वाक्य खरं होतं. सकाळी गोळी द्यायला बाबा उठला तर तो उठला नाही. बाबानं त्याला बांधावर पुरलं, दुपारी जेवला नाही, संध्याकाळी जेवला. मी फोनवर रडले तर मला म्हणाला, "रडू नको, चांगला खाऊन-पिऊन गेला." ते खरं होतं आणि त्याचा मला अभिमान आहे. आमच्या पाड्यात म्हातारपणी इतकं बरं खाऊन गेलेलं दुसरं कुणी मला आठवत नाही.

आणि आता हा पाऊस. काल रविवारी मी गेले. पडवीत भात पसरलेलं, तोच वास. मी कोंबड्या हाकलल्या, दोन सुपं पाखडली, बाबाशी इकडचं-तिकडचं बोलले. आईनं जेवायला वाढलं. माझ्या ताटात पांढरी भाकरी आणि आंबाडीची भाजी. बाबाच्या ताटात करडी भाकरी. मी असताना. लपवायचेसुद्धा कष्ट घेतले नव्हते.

"ही कसली?" मी विचारलं.

"भाकरी."

"बाबा, डॉक्टरीण काय बोललेली?"

"कुत्र्याला देऊ नका बोललेली. नाय दिली. आता कुत्रा नाय." त्यानं भाजीला हात घातला. "पोतंभर अन्न हाय, बाय. फेकू का? विष-बिष काय नसतं. शिकल्याली माणसं भिववतात."

माझ्या तोंडात सगळं तयार होतं. दोन वर्षांपूर्वीचं सगळं भांडण, शब्दन् शब्द. पण ते भिंतीवर आपटून परत येणार हे मला ठाऊक होतं. मी त्याचं ताट माझ्यापुढं ओढलं आणि माझं त्याच्यापुढं ढकललं. भाकरीचा तुकडा मोडला, भाजीला लावला, खाल्ला. वास गेला होता. चव होती, जिभेच्या मागं, कडवट. दुसरा तुकडा मोडला.

आई म्हणाली, "अगं काय करतंस."

"अन्न हाय," मी म्हटलं. "खाऊन माजावं."

"ठेव ते," बाबा म्हणाला.

मी दुसरा तुकडाही तोंडात घातला आणि त्याच्याकडे बघत चावत राहिले. मला रडू येत नव्हतं. इतका राग आला होता की ती भाकरी मी पूर्ण खाल्ली असती, शपथेवर सांगते, आणि दुसरी मागितली असती. तिसरा तुकडा मोडायला हात गेला तेव्हा बाबानं माझं मनगट धरलं. त्याच्या हाताला अजून भट्टीवरची ताकद आहे.

"नको खाऊ, पोरी," तो म्हणाला. "विष हाय त्यात."

"मग तू कसा खातोस?"

बाबानं दुसऱ्या हाताचा तळवा माझ्या हनुवटीखाली धरला, मी लहानपणी माती खाल्ली की धरायचा तसा, आणि घास मागत तसाच बसून राहिला. मी तोंडातलं सगळं त्याच्या तळहातावर थुंकलं.